हिरवळीची हौस

एप्रिल उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये शनिवारी सकाळी गॅरेजची दारं उघडतात आणि खत पेरायच्या ढकलगाड्या बाहेर पडतात. शेजाऱ्याने टाकलं म्हणून आपण टाकायचं. मातीला काय हवंय, हे विचारतो कोण! रटगर्स विद्यापीठात माती तपासून मिळते, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

न्यू जर्सीत २०११ साली खताचा कायदा झाला. बार्नेगॅट उपसागरात शेवाळ माजत होतं, त्याला अंगणांतून वाहून जाणारं खतही कारण होतं. म्हणून खताच्या पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला, स्फुरदाचा, आता बहुधा शून्य असतो. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाला खत टाकायला बंदी. फरसबंदीवर सांडलं तर झाडून घ्यायचं. (हे कुणी करताना मी अजून पाहिलेलं नाही.)

गंमत अशी, की इथल्या थंड हवेतल्या गवताला खरी भूक लागते सप्टेंबरात. वसंतातला भरमसाट डोस नुसती पानं वाढवतो, म्हणजे कापणीच वाढवतो. वर ते कापलेलं गवत, फुकटचं नत्र, आपण पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतो आणि खताची नवी पिशवी विकत आणतो. गावाकडचा शेतकरी कपाळाला हात लावेल! यंदा निदान कापलेलं गवत तिथंच पडू द्या.