ट्रॉलीचे टायर

पेपरात बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो यायला लागले की लातूर-नांदेडच्या टायर दुकानांत वर्दळ वाढते. विलासनगरचा मांजरा असो की अर्धापूर भागातला भाऊराव चव्हाण साखर कारखाना, गाळप सुरू व्हायच्या आत ट्रॉली सज्ज हवी. नवे टायर मात्र बसतात ट्रॅक्टरला. ट्रॉलीच्या वाट्याला ट्रकचे उतरलेले. ऊस कुणाच्या पाठीवर असतो, हे सगळ्यांना दिसते, तरी रीत तीच.

*

गिऱ्हाईक आधी नक्षीवर हात फिरवते. ओढल्या जाणाऱ्या चाकाला माती पकडून रेटा द्यायचा नसतो. ते काम ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे. ट्रॉलीला गोल फिरणाऱ्या सलग पट्ट्यांची साधी नक्षी पुरते. ती सरळ धावते, ओढायलाही हलकी. एक जुना पंक्चरवाला म्हणायचा, ‘नक्षी काय बघता मालक, अंग बघा टायरचं.’

*

९.००-१६, १६ पीआर. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिंगचा व्यास, दोन्ही इंचांत. १६ पीआर (प्लाय रेटिंग) म्हणजे आत सोळा थर, असे नव्हे. टायरमध्ये सुती कापड असायचे त्या काळचे हे माप. आता नायलॉनचे थोडे थर तेवढीच ताकद देतात, पण आकडा सुताच्याच हिशेबाने छापतात. नांदेडची उस्मानशाही कापड मिल कधीच थंडावली. कापसाचा हिशेब टायरवर चालूच.

*

समजा ऊस १० टन, ट्रॉलीचे स्वतःचे वजन २ टन, चाके चार. प्रत्येकावर ३ टन. हे सपाट रस्त्यावर. एक बाजू खड्ड्यात गेली की हिशेब मोडतो, आणि पाटे नसलेल्या ट्रॉलीत धक्का झेलायला टायरखेरीज कुणी नसते. टायरच्या अंगावर वजन छापलेले असते. ते वाचून घेणारे गिऱ्हाईक क्वचितच दिसते.

*

आपल्याकडचा खरा शत्रू खड्डा नव्हे, धसकट. तूर विळ्याने तिरकी कापली जाते आणि रानात सुळे उभे राहतात. वाळल्यावर ते लाकडासारखे कडक होतात. पऱ्हाटीचेही तसेच. उसाचे बुडखे त्यामानाने गरीब, पण वाफशाला न आलेल्या काळ्या रानात चाक रुतले की तेही बाजूला घासतात. घाव नक्षीवर बसला तर निभते. बाजूच्या पातळ भिंतीत घुसला की ठिगळ टिकत नाही. म्हणून रानात जाणाऱ्या ट्रॉलीला जाड अंगाचा नायलॉन टायर बरा. रेडियल डांबरावर कमी तापतो, जास्त चालतो, पण त्याची बाजू लवचीक आणि म्हणून नाजूक. ज्याची ट्रॉली रानात उतरतच नाही, त्याने खुशाल रेडियल घ्यावा. एका धुऱ्यावर एक रेडियल, एक नायलॉन असा संसार मांडू नये.

*

चाकूर-लोहा पट्टा चौपदरी झाला आणि टायरचे दुखणे बदलले. पूर्वी खड्डेच वेग आवरायचे. शेतीच्या टायरवर ए६ असेल तर मर्यादा ताशी ३० किलोमीटर, ए८ असेल तर ४०. गुळगुळीत रस्त्यावर भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून पोरं त्याच्या पुढे जातात. उष्णता आतल्या थरांत साठते, रबर आणि कापडाची पकड सुटते. टायर फुटला की दोष कंपनीला. (बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो हे त्या पोरांना कुणी सांगावे?)

*

हवा. कमी हवेवर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि तापते; जास्त हवेवर दगडाने फाटते. मोजायची ती पहाटे, टायर थंड असताना. दुपारी तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडून देणारे महाभाग आहेत. रात्री तीच ट्रॉली कमी हवेवर कारखान्याच्या यार्डात भरल्या उसासह वजनकाट्याची वाट बघत उभी.

*

२०१६. दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. स्टेशनपर्यंतचे पाणी बातमीत आले, पुढच्या टँकरची चाके कुणाला आठवत नाहीत. पाण्याचा हिशेब सोपा: ५,००० लिटर म्हणजे ५ टन, वर टाकीचे लोखंड. ऊस निदान बांधून जागेवर राहतो. अर्धी टाकी वळणावर डचमळते आणि सगळा भार बाहेरच्या चाकावर फेकते. त्यात मे महिन्याचा मुरूम. टँकर ट्रॉलीसाठी उरलेसुरले टायर वापरणे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

*

रिमोल्ड वाईट नाही. जुने अंग धड असेल तर वरचे रबर नवे चढवणे हा शहाणा व्यवहार आहे. अंग बघायचे ते आतून: हात फिरवून फुगवटा, तुटका धागा, आधीचे ठिगळ. सेकंडहँड घेताना टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडेही शोधावेत. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. उन्हात पडून राहिलेले रबर न धावताही म्हातारे होते, बाजूला बारीक भेगा दिसतात. दुकानदार काळे पॉलिश मारून त्या झाकतो, नखाने खरवडावे.

*

जोड चाकांत एक टायर नवा, एक गोटा झालेला असेल तर नवा उंच भरतो आणि दोघांचा भार एकटाच घेतो. नवीन टायर लवकर गेला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी शेजारचा टायर दाखवायला सांगावे.