घर बांधण्याआधी सूर्याला विचारावे

भंडारा शहरातील आमचे वडिलोपार्जित घर आता उतरवायचे ठरले आहे. कवेलूचे छप्पर, मातीच्या जाड भिंती, पुढे दुकान आणि मागे चौक अशी त्याची रचना. धाकट्या बंधूंनी नवा नकाशा आणला, तेव्हा प्रत्येकाने आपापली खोली शोधली. गच्चीचा कागद कोणीच उलगडला नाही. बँकेत गृहकर्जाची प्रकरणे तपासताना हेच मी अनेक वर्षे पाहिले. दर्शनी भागाची चर्चा महिनोन्महिने चालते आणि सूर्याची आठवण पहिल्या उन्हाळ्यातील विजेच्या बिलाबरोबर होते.

टाळलेला खर्च हीच पहिली कमाई, हे व्यापारी कुटुंबांना शिकवावे लागत नाही. घराच्या बाबतीतही आधी उष्णता अडवावी, मग वीज निर्माण करावी, हाच क्रम योग्य.

भंडारा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो, किंबहुना किंचित उत्तरेकडे कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर उन्हाळ्यात सावली मिळते आणि हिवाळ्यात ऊन आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, छज्जाखालून थेट आत शिरणारे. त्या बाजूला जिना, कोठार, स्नानगृह घ्यावे. मोठी काच घेऊ नये.

आमचा रस्ता नेमका पश्चिमेला. पुतण्याला वरच्या मजल्यावर, दर्शनी बाजूस काचेची भिंत आणि तिला लागून स्वयंपाकघर हवे होते. वाद वाढला, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मे महिन्यात चार ते सहा ओट्यापाशी कोण उभे राहते, ते आधी विचारा." सूर्यास्तापूर्वी भोजन हा आपल्या घरांचा नियम. म्हणजे पश्चिमेची भिंत तापते त्याच वेळी आपली शेगडी पेटलेली असते. पुतण्याने पुढे काही न बोलता पेन्सिल उचलली. स्वयंपाकघर आग्नेयेला गेले. तेथे सकाळचा उजेड मिळतो आणि दुपारचे ऊन लागत नाही. वास्तुशास्त्र मानणाऱ्या आईचेही समाधान झाले.

पाण्याच्या टाकीवर मात्र आई अडली. टाकी नैर्ऋत्येलाच हवी, असे तिचे म्हणणे. अशा टाकीची सावली दुपारनंतर गच्चीभर ईशान्येकडे पसरते, आणि एका पॅनेलवर सावली आली तरी जोडलेल्या सगळ्या ओळीची वीज घटू शकते. अखेर टाकी आईने सांगितलेल्या जागी राहिली आणि पॅनेल टाकीहून उंच लोखंडी सांगाड्यावर, दक्षिणेकडे सुमारे २० अंश कलते बसवायचे ठरले. त्यामुळे स्लॅबलाही सावली मिळेल. सांगाड्याचे पाय कोठे येणार हे आधीच ठरल्याने स्लॅब ओततानाच त्यांची सोय होईल. पुढे फोडाफोड आणि गळती नको.

आता हिशेब. ३ किलोवॉटच्या संचाला सावलीविरहित सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते. वर्षाची सरासरी धरल्यास दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. चातुर्मासातील ढगाळ दिवसांत कमी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट वा अधिक संचास एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. हे अनुदान घरगुती जोडणीसाठी आहे, दुकानाच्या व्यापारी मीटरसाठी नाही. खाली दुकान, वर घर असणाऱ्यांनी दोन्ही मीटर वेगळे ठेवावेत. भावाभावांत मजले वाटून घेताना गच्चीच्या वापराचा हक्कही लेखी नोंदवावा. पुढचा मनस्ताप टळतो.

अनर्थदंडविरमण व्रत आपल्याला निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्यास सांगते. भरदिवसा दिवा लावावा लागेल असे घर बांधणे हा त्या व्रताला छेदच आहे. पॅनेलची वीज मिळते म्हणून तिची उधळपट्टी करणेही तसेच.

घर बांधण्याचा विचार असेल, तर येत्या डिसेंबरात एक दिवस जागेवर जावे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता शेजारच्या इमारतींची सावली चुन्याने आखून घ्यावी, आणि त्यानंतरच वास्तुविशारदाला बोलवावे.