आवाज आधी पोहोचतो

हॉस्टेलमध्ये आमचा नेमबाजीचा सराव म्हणजे कागदाचे बोळे आणि रूममेटचं डोकं! पण एम.एस.साठी ओहायोला गेलो आणि तिथल्या वर्कशॉपमधल्या एका वयस्कर टेक्निशियनने मला चक्क शिकारीचा क्रॉसबो निवडायला बरोबर नेलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरीण मारणं गुन्हा आहे. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या संख्येत व्हाइटटेल हरणाची शिकार करता येते. लांडगे तिथून केव्हाच नाहीसे झाले. हरणं मात्र शेतात आणि गाड्यांसमोर सारखी येतात.

मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचो. खांदा दुखावल्यामुळे त्यांना साधं धनुष्य ताणून धरता येत नव्हतं. क्रॉसबोची दोरी एकदा ताणली की खटक्यात अडकून राहते. मग बंदुकीसारखा नेम धरून घोडा दाबायचा.

मी इंजिनिअर ना! रात्री जागून तीन मॉडेल्सचा तक्ता केला. ४०० ग्रेनचा, म्हणजे साधारण २६ ग्रॅमचा बाण, वेग सेकंदाला ३५० फूट, ऊर्जा सुमारे १४७ ज्यूल वगैरे. सगळ्यात वेगवान त्याला पहिला नंबर. काकांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "आणि आवाजाचा वेग किती?"

मी गणित मांडलं. हरीण ३० यार्डांवर, म्हणजे २७ मीटरवर. बाणाला लागतात ०.२५ सेकंद, दोरीच्या आवाजाला फक्त ०.०८! आवाज ऐकताच हरीण उडी मारायला आधी खाली दबतं आणि बाण वरून जातो, नाहीतर भलतीकडेच लागतो. बाणाचा वेग दहा टक्के वाढवला तरी वाचतात जेमतेम दोन शतांश सेकंद. माझा पहिला नंबर आवाजाच्या मागेच!

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी जुन्या, खूप आवाज करणाऱ्या क्रॉसबोने त्यांनी लांबून बाण सोडला. हरीण जखमी होऊन पळालं. बॅटरी घेऊन रात्री दोनपर्यंत ते रक्ताचे थेंब शोधत फिरले. हरीण सापडलं नाही. "कुठेतरी पडून मेलं असेल," एवढं बोलून ते गप्प झाले.

दुकानात त्यांनी प्रत्येक क्रॉसबो खांद्याला लावून पाहिला. ताणायला दोरीचा कॉकर लावला की जोर निम्माच लागतो, तो स्वतः लावून पाहिला. कंपाउंडची दोरी बदलायला प्रेस लागते, रिकर्व्हची घरी बदलता येते, हे मला तिथे कळलं. बाण नसताना घोडा दाबला तर सगळी ऊर्जा धनुष्याच्या पात्यांत जाते आणि ती तडकू शकतात, म्हणून तो अडवणारा खटका आहे का तेही पाहिलं. बोटं दोरीच्या वाटेत येऊ नयेत म्हणून असलेला आडोसा तपासला. शेवटी घेतला तो माझ्या तक्त्यातला तिसरा!

ऑक्टोबरमध्ये मी नुसताच सोबत गेलो. संध्याकाळी एक मोठं हरीण आलं, ५० यार्डांवर आडवं उभं राहिलं. काकांनी बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं. माझी छाती धडधडत होती. मग त्यांनी सेफ्टी लावली आणि क्रॉसबो खाली घेतला. "लांब आहे," ते पुटपुटले. हरीण सावकाश चरत झाडीत गेलं.

रात्री आईचा फोन आला. "मारलं का रे?"

"नाही गं."

"बरं झालं बाई!"

दोन आठवड्यांनी काकांनी २० यार्डांवरून एक हरीण मारलं. साठेक पावलांवर ते पडलं, शोधावं लागलं नाही. ते मात्र मी आईला अजून सांगितलेलं नाही.

– एक माजी विद्यार्थी, यंत्र अभियांत्रिकी