पुलिदोरचे पंचावन्न सेकंद

कर्णावर मराठी वाचकाने जेवढे प्रेम केले तेवढे अर्जुनाच्या वाट्याला आले नाही. 'मृत्युंजय' १९६७ साली आले, आणि आजही जालन्यातील आमच्या वर्गांत आवडती व्यक्तिरेखा विचारली की उत्तर बहुधा ठरलेले असते. त्यामुळे रेमों पुलिदोर (१९३६–२०१९) हा फ्रेंच सायकलपटू आम्हांला पहिल्या भेटीतच ओळखीचा वाटला. ही ओळख खरी किती, हा प्रश्न मात्र उरला.

पुलिदोर बटईने शेती करणाऱ्या घरातला. (बटई म्हणजे काय, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही.) 'तूर द फ्रान्स' या शर्यतीत तो १४ वेळा उतरला, तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्या स्वाराची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही. पाच वेळा जिंकणारा जाक आंक्तिल आदरास पात्र ठरला, पण लोकांचे प्रेम पुलिदोरकडे गेले. कष्टाळू शेतकरी विरुद्ध थंड डोक्याचा, उंची राहणीचा विजेता, अशी कथा रचली गेली. आंक्तिलचा बापही स्ट्रॉबेरी पिकवीत असे, हे त्या कथेत मावत नव्हते. म्हणून ते मागे पडले असावे.

१९६४ साली प्युई द दोमच्या चढावर दोघे खांद्याला खांदा घाशीत चढले. शेवटी पुलिदोर सुटला, आणि आंक्तिलची आघाडी १४ सेकंदांवर आली. पॅरिसला ती ५५ सेकंदांची झाली. येथे नियतीचे नाव घेण्याचा मोह होतो. पण त्याच शर्यतीत मोनाकोच्या धावपट्टीवर एक फेरी बाकी असताना पुलिदोरला शर्यत संपली असे वाटले, आणि तो टप्पा जिंकून एका मिनिटाची सवलत आंक्तिलने मिळवली. हा शाप नव्हे, मोजणीतली चूक आहे. रथाचे चाक पृथ्वीने गिळले म्हणणे आणि फेरी मोजायची राहिली म्हणणे यांत साहित्यदृष्ट्या फार अंतर आहे. पहिल्यावर कादंबरी होते.

रोलां बार्थने पुलिदोरच्या उदयाआधीच या शर्यतीकडे महाकाव्य म्हणून पाहिले होते. महाकाव्याला पराभूत लागतो, आणि एकदा तो सापडला की त्याचे विजय अडचणीचे होतात. पुलिदोरने १९६१ साली मिलान–सान रेमो जिंकली, १९६४ साली स्पेनची व्हुएल्ता, आणि १९७२ साली एडी मर्क्स ऐन भरात असताना त्याला मागे टाकून पॅरिस–नीस. चाळिसाव्या वर्षी तो तूरमध्ये तिसरा आला. तरीही 'चिरंतन दुसरा' हीच त्याची ओळख राहिली. आमच्या मते हे प्रेम थोडे निर्दयच होते: त्याने हरत राहावे अशी त्यात अट होती.

त्याने मात्र ती अट हसून स्वीकारली, आणि या लोकप्रियतेवर पैसाही चांगला मिळवला. निवृत्तीनंतर पिवळ्या जर्सीची पुरस्कर्ती असलेल्या बँकेचा प्रतिनिधी म्हणून तो दरवर्षी तूरमध्ये दिसे, पिवळाच सदरा घालून.