समुद्रापलीकडचा वाटा

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात परकीय चलनाचे जेमतेम आठ डॉलर पडत. देशाकडेच डॉलरची टंचाई होती. घरी शेत असो, दुकान असो, बाप कितीही द्यायला तयार असो, मुलाला पैसा पाठवायची सोय नव्हती. 1973च्या फेरा कायद्यानं ती वाट आणखीच आवळली. रुपया समुद्र ओलांडत नव्हता. मसाला, शेवया, साड्या, पुस्तकं मात्र ओलांडत होती. म्हणून नगरला लागून असलेल्या आमच्या भिंगारच्या घरांनी आपली ऐपत मांजरपाटात शिवून पाठवली. आमच्या पिढीनं तिकडं जी पार्सलं सोडवली, त्यांना कुणी नुसता ‘खाऊ’ म्हटलं की मला ते पटत नाही.

अमेरिकेनं 1965 साली कायदा बदलून आशियातल्या शिकलेल्या माणसांना दार उघडलं. तिकडं आखातात तेलाच्या पैशावर शहरं उभी राहत होती. आमच्या वाड्यातूनच पाहा ना: माझे यजमान इंजिनिअर म्हणून डेट्रॉइटला, धाकटे दीर कुवेतला, चुलत नणंद नर्स होऊन इंग्लंडला. मागं राहिले मामंजी, सासूबाई, थोरले दीर-जाऊबाई आणि आत्याबाई. जे बाहेर पडले ते परक्या पत्त्यावर होते, पण घराच्या हिशेबातून वजा झाले नव्हते. चैत्रात वाळवणं घातली की त्यात तिघांचे वाटे निघत, दिवाळीत निघत, नवा मसाला कुटला की पहिल्यांदा त्यांचे डबे भरले जात.

पार्सल बांधणं हे दोन-चार दिवसांचं काम असे. माळवदावर कुरडया आणि पापड्या वाळून खडखडीत झाल्या की आत्याबाई त्यातल्या अखंड तेवढ्या निवडून बाजूला ठेवत. मोडलेल्या घरच्यांच्या पानात. काळा मसाला आणि येसर डालड्याच्या डब्यात भरून वरचं झाकण झाळून घेतलं जाई. नाहीतर वाटेत दमट हवेनं जाळं धरे. मधल्या फटींत शेवयांच्या पुड्या, एखादी इरकली, मुलांची झबली, दिवाळी अंक. मग खोक्यावर मांजरपाट चढे. त्याची शिवण सासूबाई घालत, टाके अगदी जवळजवळ. शिवणीवर ठरावीक अंतरानं लाखेचे ठिपके, आणि लाख गरम असतानाच त्यावर मोहोर. पोस्टाला नाण्याचा छाप चालत नसे, स्वतःची खूण लागे. आमच्या घरी आजेसासऱ्यांच्या वेळची पितळी मोहोर होती, एरवी देवघराच्या फडताळात पडून असलेली. पार्सलाच्या दिवशी ती बाहेर निघे. पत्ता मामंजी स्वतः लिहीत. कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर ठसवून. त्यांचे ओठ संध्याकाळपर्यंत जांभळे असत, असं जाऊबाई सांगायच्या.

पुढचा प्रवास मात्र कुणाच्या हातात नसे. नगरच्या पोस्टातून रेल्वेनं मुंबईला, बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कचेरीत, तिथं जकातीची तपासणी, आणि मग बोट. विमानाचा दर परवडत नसे. 1967च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धात सुवेझ कालवा बंद झाला तो थेट 1975च्या जूनमध्ये उघडला. तेवढी सगळी वर्षं पश्चिमेकडच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. म्हणजे आमची परदेशातली सुरुवातीची वर्षं नेमकी त्या वळशात सापडली. चैत्रातल्या कुरडया दिवाळीच्या सुमाराला हाती येत, आणि दिवाळी अंक होळीला. 1909 साली ‘मनोरंजन’नं सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आम्ही तिकडं शिमग्यात पाळली. 1973 साली ‘कालनिर्णय’ निघालं, तेव्हापासून ते मात्र सुरळी करून विमानानं येई. तिथीला उशीर चालणार नव्हता.

पार्सल आल्याची चिठ्ठी दारात पडे. बर्फ असो वा नसो, ते त्याच दिवशी सोडवून आणायचं. कस्टमनं एका कडेची शिवण उसवून वर आपली चिकटपट्टी लावलेली असे. त्या फटीतूनच आधी येसराचा वास मोटारीत पसरे. घरी आल्यावर आम्ही मांजरपाट फाडत नसू. ब्लेडनं टाका टाका उसवायचा, लाखेचे तुकडे वेचायचे, कापड धुऊन वाळवायचं. श्रीखंडासाठी दही बांधायला त्याच्यासारखं कापड नव्हतं. कॉपिंग पेन्सिलीची जांभळी शाई धुऊन जात नाही. चक्का टांगला की त्या गाठोड्यावर मामंजींच्या हाताचा आमचा पत्ता वाचता यायचा, वेडावाकडा ताणलेला.

डब्यांमध्ये बोळे करून कोंबलेले वर्तमानपत्रांचे कागद आम्ही हातानं सपाट करून वाचत असू. 1972च्या दुष्काळाची खरी बातमी मला तशीच कळली. पत्रात सासूबाई ‘इकडे सर्व क्षेम’ एवढंच लिहीत. कागदावर मात्र दुष्काळी कामं, खडी फोडायला आलेल्या बायका, सुकडी, रेशनच्या रांगा, सगळं होतं. पुढं जाऊबाईंनी सांगितलं की त्या साली घरात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली जात होती. ती मिलो अमेरिकेतून आलेली. आणि त्याच घरानं घरातला गहू चिकाला घालून, कुरडया करून, अमेरिकेत आम्हाला पाठवल्या होत्या. त्या पार्सलाच्या जकातीच्या चिठ्ठीवर किमतीच्या रकान्यात मामंजींनी काय आकडा टाकला होता ते मला आठवत नाही. कोणताही टाकला असता तरी तो खरा ठरला नसता.

सोन्याची गोष्ट वेगळी. बिनविम्याच्या पार्सलात सोनं घालायची मनाई, त्यात 1968चा सुवर्ण नियंत्रण कायदा. सासूबाईंनी हयातीतच आपल्या चार पाटल्या वाटल्या: दोन थोरल्या जाऊबाईंना, दोन मला. माझ्या दोन बरीच वर्षं भिंगारला कपाटात राहिल्या. अशा वेळी सगळ्या घरांचा भरवसा येणाऱ्या-जाणाऱ्यांवर असे. नगरात कुणाच्या तरी ओळखीचं कुणीतरी अमेरिकेला निघालंय, ही बातमी दोन दिवसांत भिंगारपर्यंत पोहोचायची. शेवटी शिकागोला निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंच्या हातात त्या पाटल्या घालून दिल्या. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं. शिकागोहून डेट्रॉइटला त्या स्वतः बसनं येऊन दारात उभ्या राहिल्या, पाटल्या काढून माझ्या हातात चढवल्या, आणि मगच पाणी मागितलं. अशी माणसं त्या पिढीला मिळाली म्हणून घरं समुद्राच्या दोन्ही काठांवर टिकली, असं मी ठामपणे म्हणेन.

समुद्रापलीकडून येणाऱ्या पार्सलाची वाट पाहणारी माणसं खुद्द भिंगारच्या आसपास आमच्या आधी शंभर-दीडशे वर्षांपासून होती. 1831 साली अमेरिकन मराठी मिशननं नगरात ठाणं दिलं. तिथल्या पाद्र्यांना आणि मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरारबाईंना बोस्टनहून पेट्या यायच्या त्या शिडाच्या जहाजानं, आफ्रिकेला वळसा घालून, कारण सुवेझ कालवा 1869 पर्यंत नव्हताच. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी आणि मिशनरी पकडून नगरच्या लष्करी छावणीत ठेवले गेले. त्या कैद्यांची टपालपाकिटं आज संग्राहक जपून ठेवतात. डेट्रॉइटला चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभी राहिले की मला ती माणसं आठवत. नगरच्या उन्हात बसून ती आपापल्या आईच्या हातच्या वस्तूंची वाट बघत होती. माझ्या दृष्टीनं तीही आमच्याच पंगतीतली.

पुढं कॅसेट आल्या आणि पार्सलात आवाज येऊ लागले. नवरात्रात तुळजापूरच्या भवानीची बुऱ्हाणनगरहून निघणारी पालखी आणि तिच्या निद्रेचा पलंग यांची भेट भिंगारला होते. एका वर्षी थोरल्या दीरांनी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून सगळा सोहळा भरून घेतला. संबळ, ‘उदो उदो’चा गजर, मध्येच आत्याबाईंचा आवाज: “अगं, इकडून दर्शन घे, तिकडं रेटारेटी आहे!” ती कॅसेट आमच्याकडं आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबानं ऐकली. कोल्हापूरचे, नागपूरचे, बेळगावचे, सगळ्यांनी. पार्सल ज्याचं, त्याच्या घरी शनिवारी बाकीच्यांनी जमायचं हा तिथला अलिखित नियमच होता. मसाला वाटीवाटीनं वाटला जाई. कुणाच्या घरून कोकम, कुणाच्या घरून सावजी मसाला, आमच्या घरून येसर.

कुवेतला धाकट्या भावोजींसाठी पाठवलेलं एक पार्सल कधीच पोहोचलं नाही. 1990च्या उन्हाळ्यात टाकलेलं, आणि 2 ऑगस्टला इराकनं कुवेत गिळलं. त्यानंतर लाखाच्या वर भारतीयांना तिथून बाहेर काढलं गेलं. भावोजी अम्मानमार्गे मुंबईला उतरले, अंगावरच्या कपड्यांनिशी. सासूबाईंनी पार्सलाचं नावही काढलं नाही. भावोजींना त्यांनी सलग दोन महिने स्वतःच्या हातानं वाढलं.

आता आम्ही भिंगारला परतलो आहोत आणि शिवणारे हात आमचे आहेत. खरं तर शिवायचं काही उरलेलं नाही. कुरिअरवाला निर्वात पिशव्यांत माल बंद करतो, पेटी मोजतो, आत काय आहे त्याचा क्रमांक संगणकात घालतो. दुबईच्या नातवाच्या अनारशांना खसखस लावत नाही, कारण अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत बसते. त्याच्या डब्यात अनारसे तिळावर थापून जातात. ऑस्ट्रेलियाला दुधाचं काही नाही, बियाणं नाही. 2025 साली तर अमेरिकेची वाटच बंद झाली. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी तिथल्या सरकारनं 29 ऑगस्टपासून काढली. आपल्या टपाल खात्यानं 25 ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, आणि पुन्हा सुरू केलं ते 15 ऑक्टोबरला, दिवाळी ऐन तोंडावर आल्यावर. पार्सलावर लिहिलेल्या किमतीच्या निम्मी जकात तेव्हा इथंच भरावी लागत होती.

अमेरिकेतली मुलगी फोनवर म्हणाली, “आई, नको पाठवूस गं, इथं सगळं मिळतं.” मिळतं हे मला ठाऊक आहे. आता डेट्रॉइटच्या दुकानांत चकलीची भाजणीसुद्धा मिळते, आणि ते चांगलंच आहे. आमच्या वेळी मिळत असती तर मी नक्की आणली असती. पण घरात काही केलं आणि तिचा वाटा निघाला नाही, असं या वाड्यात झालेलं नाही आणि मी असेपर्यंत होणार नाही. जकात भरली. किमतीच्या रकान्यात दुकानातल्या दरानं खराखुरा आकडा लिहिला. येसर दीड किलो, शेंगदाण्याची चटणी एक किलो, शेवया, आणि धाकट्या नातीच्या मापाचं खणाचं परकर-पोलकं. दिवाळी झाल्यावर पोहोचलं तरी हरकत नाही असं मुलीला कळवलं, आणि पोलक्याला बाही थोडी सैल ठेवली आहे, नात वाढत्या वयाची आहे, हेही.