मलम आणि मनःस्वास्थ्य

कोड, म्हणजे अंगावरील पांढरे डाग, या विकाराविषयीं आपल्याकडे जितकें कुजबुजलें जातें तितकें मोकळेपणानें बोललें जात नाहीं. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. परंतु जगांत दर दोनशें माणसांपैकीं एकापासून चौघांपर्यंत लोकांना हा विकार असतो. तेव्हां हा अंक ज्या घरीं जाईल त्यांपैकीं कांहीं घरांत तो खचित असणार. आमच्या घरीं तो माझ्या रूपानें आला.

हिंजवडीला लागून असलेलें मारुंजी हें माझें गांव. पूर्वींच्या भातखाचरांशेजारीं आतां उंच इमारती उभ्या आहेत व संगणकावर काम करणारी मंडळी तेथें राहावयास आली आहेत. तरीही मी नववींत असतांना माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर व डोळ्याच्या कडेला पांढरे ठिपके उमटले, तेव्हां कानांवर आलेले उद्गार फार जुन्या काळचे होते. कोणी म्हणे, दुधाबरोबर मासे खाल्ले असतील. कोणी म्हणे, पूर्वजन्मींचें कांहीं असेल. त्याच सुमारास ताईला पाहावयास पाहुणे आले. त्या दिवशीं मला लांब बाह्यांचें पोलकें घालून आंतल्या खोलींत बसविण्यांत आलें. आईच्या डोळ्यांत पाणी होतें, म्हणून मीं तिला कधीं बोल लावला नाहीं. पण आपल्या डागांमुळें बहिणीचें लग्न मोडेल, हा विचार मनांत घेऊन झोपणें चौदा वर्षांच्या मुलीला सोपें नव्हतें.

वास्तविक हा विकार स्पर्शानें पसरत नाहीं, आणि दूध व मासे यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशीच त्वचेंतील रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटतात व त्यांचा नाश करतात. तेवढी जागा पांढरी पडते. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नांवामुळें पुष्कळ लोक त्याला महारोग समजतात. परंतु महारोगाच्या चट्ट्याची संवेदना बहुधा कमी झालेली असते. कोडाच्या डागावर मात्र टांचणीचें टोकही पूर्ववत् कळतें.

पुण्यांतील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनीं मला टॅक्रोलिमस नांवाचें मलम दिवसांतून दोनदां लावावयास सांगितलें. स्टिरॉइडाचें मलम वैद्यकीय सल्ल्यावांचून लावीत राहिल्यास त्वचा पातळ होते, आणि बावची चोळून उन्हांत बसल्यास फोड येऊं शकतात, अशी ताकीदही त्यांनीं आईला दिली. त्या म्हणाल्या, “गेलेला रंग बहुतेक केसांच्या मुळांशीं उरलेल्या रंगपेशींतून परत येतो. म्हणून तोंडावरचे डाग लवकर भरतात. बोटांच्या टोकांना केसच नाहींत, तेथें रंग कोठून यावा?” तसेंच झालें. तिसऱ्या महिन्यांत डोळ्याजवळ बारीक तपकिरी ठिपके दिसूं लागले, आणि खाचरांतलीं रोपें वाढून चिखल झांकला जावा तसे ते वर्षाअखेर एकमेकांस मिळाले. बोटें मात्र आजही पांढरींच आहेत.

डोळ्याजवळचा रंग परतल्यानें मला केवढा दिलासा मिळाला, तें सांगतां येणार नाहीं. वर्गांत मान वर करून उत्तर देण्याचा धीर पुन्हां आला. परंतु त्या वर्षभर मी रोज सकाळीं आरशासमोर उभी राही. नवा ठिपका दिसला तर दिवस आनंदाचा, न दिसला तर उदास. हाताचे डाग तर हलेचनात. अशांत एके दिवशीं मधल्या सुटींत वर्गांतील एका मैत्रिणीनें फुगडीसाठीं माझे दोन्ही हात नेहमीप्रमाणें घट्ट धरले. तिनें त्यांकडे पाहिलेंही नाहीं. त्या फुगडीनें डाग गेले नाहींत, पण बाहींत लपलेला हात बाहेर आला. पुढें ताईचें लग्न दुसऱ्या घरीं जमलें, तेव्हां पाहुण्यांना चहा मींच दिला.

औषधें सुधारत आहेत. रुक्सोलिटिनिब या मलमास अमेरिकेंत २०२२ सालीं बारा वर्षांवरील रोग्यांसाठीं मान्यता मिळाली. त्याच्या चांचणींत सहा महिन्यांनीं शंभरांतील सुमारें तीस जणांच्या चेहऱ्याचा तीनचतुर्थांश रंग परतला. ही मोठीच प्रगति होय. तथापि उरलेल्या सत्तरांनीं तोंवर काय करावें? पुण्यांत डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’नें या प्रश्नाकडे लक्ष दिलें व कोड असलेल्यांना एकत्र आणलें. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ सालचा चित्रपट अशाच एका तरुण डॉक्टर मुलीविषयीं आहे.

पालकांना माझी विनंति अशी कीं, मुलाला डाग दिसतांच तज्ज्ञांकडे न्यावें, मलम नियमानें लावावें आणि धीर धरावा. परंतु त्याचें खेळणें, समारंभाला जाणें व पाहुण्यांसमोर येणें डाग भरेपर्यंत थांबवूं नये. आणि विद्यार्थी-बंधुभगिनींनो, मलमाला महिने लागतात. तुमच्या शेजारीं बसलेल्या मुलाचा हात धरण्यास आजची मधली सुटी पुरेशी आहे.