फटीतलं पाणी

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लातूरला लागूनच असलेल्या कळंब तालुक्यात, आमच्या रानात, त्याच महिन्यात तिसरं बोअर मारलं. पाचशे फूट. पाणाड्याच्या हातावरचा नारळ उभा राहिला होता. बोअरमधून मात्र नुसता फुफाटा निघाला.

मागच्या उन्हाळ्यात आण्णांचा फोन आला, "चौथं मारायचं का?" पैसे माझ्या पगारातून जाणार, म्हणून विचारणं. मी म्हणालो, जुन्याच बोअरला हायड्रोफ्रॅक्चरिंग करून बघू. भूजल सर्वेक्षण यंत्रणा हातपंपांच्या बोअरसाठी हेच तंत्र वापरते.

आपल्याकडचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, तीच या खडकाची भोकं. पण भोकं असणं वेगळं आणि ती एकमेकांना जोडलेली असणं वेगळं. म्हणून हाताच्या अंतरावर पाणी असूनही बोअर कोरडं राहतं.

आधी टँकरभर पाणी विकत आणलं. मशीनवाल्यांनी बोअरमध्ये रबरी पॅकर फुगवून खालचा भाग बंद केला आणि त्यात पाणी दाबलं. खडकाला आवळणारा भार आणि त्याची स्वतःची पकड, या दोन्हींवर दाबानं मात केली की बोअरची भिंत फाटते. खडक सच्छिद्र असेल तर थोडं पाणी आत मुरून आतूनही रेटतं, त्यामुळे तो कमी दाबाला फुटतो. फारच मुरलं तर दाबच चढत नाही. फटीची दिशा आपण ठरवत नाही. खडक जिकडून सगळ्यात कमी आवळलेला, तिकडे ती उघडते. वाटेत मातीनं बुजलेली जुनी भेग असेल, तर आधी तीच मोकळी होते.

काटा चढत गेला आणि एकदम पडला. आवाज काहीच नाही. आण्णा म्हणाले, "फुटला."

दीड इंच पाणी लागलं. आठवड्यानं बांधापलीकडची तात्यांची विहीर दोन हात खाली गेली. उन्हानं की आमच्या फटीनं, कोण सांगणार? फट पाणी तयार करत नाही, फक्त जोडते. कुणाचं कुणाला, ते तिला ठाऊक नसतं.

तात्या काही बोलले नाहीत. आण्णांनीच त्यांच्या गोठ्यातल्या हौदापर्यंत पाइप टाकला. त्याचे पैसे मी पुण्याहून पाठवले.